फळा पुसणार नाही

आमच्या रस्त्यावर तिला सगळे टाचणीताई म्हणतात. एक तर तिच्या ओठांत कायम दोन-चार टाचण्या धरलेल्या असतात. दुसरं म्हणजे त्या काढून ती बोलायला लागली, की मघाशी टाचण्या होत्या तेच बरं होतं असं समोरच्याला वाटतं.

कपडे दुरुस्त करणं हा तिचा धंदा. नवीन कपडा ती शिवत नाही. पँट आखूड करायची, चेन बदलायची, कोटाला अस्तर लावायचं, पोट सुटलेल्याचा शर्ट बाजूने सैल करायचा आणि "धुऊन आटला बहुतेक" असं तो म्हणाला की "शर्ट नाही, तुम्ही फुगलात" असं तोंडावर सांगायचं. तरी गिऱ्हाईक तुटायचं नाही, कारण तिने घातलेली टीप कापड फाटलं तरी निघत नसे.

माझं चष्म्याचं दुकान तिच्या दुकानाच्या बरोब्बर समोर. तिच्या दाराशेजारी भिंतीला एक काळा फळा होता आणि त्यावर वर्षानुवर्षं एकच मजकूर असायचा: 'कपडे सांगितलेल्या दिवशी मिळतील. रोज विचारू नये.' अक्षर ठसठशीत. लांबचं दिसतं का हे बघायला मी गिऱ्हाइकांना तो फळाच वाचायला लावायचो.

एका सोमवारी सकाळी गिऱ्हाईक फळा वाचता वाचता अडखळलं. मला वाटलं नंबर वाढला. बघतो तर मजकूरच बदललेला.

'काल व्हिडिओ गेम खेळले. लढाईचा. मी पुष्कळ माणसं मारली. मला वाईट वाटलं नाही, आणि वाटलं नाही याचंच नंतर वाईट वाटलं. एवढी मारामारी होऊन कुणाच्या शर्टाचं एक बटण तुटत नाही. ज्याने हा खेळ बनवला त्याची कॉलर कुणी कधी धरलेली दिसत नाही.'

खाली सही: टाचणी.

मी रस्ता ओलांडून गेलो. "ताई, हे काय?"

तिने टाचण्या काढून मनगटावरच्या छोट्या उशीला टोचल्या. "वाचता येत नाही? तुम्हीच चष्मा लावा."

"नाही, म्हणजे… तुम्ही खेळता?"

"खेळते."

"व्हिडिओ गेम?"

"मग काय कबड्डी?"

ती पन्नाशी ओलांडलेली बाई. केस कानामागे करकचून बांधलेले, गळ्यात मापाची टेप. हिच्या हातात कंट्रोलर माझ्या डोळ्यांपुढे येईना. माझ्या चेहऱ्यावर ते दिसलं असणार, कारण ती पुन्हा मशीनवर वाकत म्हणाली, "गेमच्या दुकानातल्या मुलानेही असंच तोंड केलं होतं. म्हणाला, भाच्यासाठी घेताय का? वय काय त्याचं? मी म्हटलं, पन्नाशी उलटलीय, आणि भाचा नाही, मीच."

हळूहळू मला पुढचं-मागचं कळलं. बरंचसं तिनेच सांगितलं, डोळे तपासायला आली तेव्हा. माणूस अंधाऱ्या खोलीत हनुवटी टेकवून बसला की बोलतो, हा माझ्या धंद्यातला अनुभव आहे.

लहानपणी त्यांच्या घरामागे सिनेमा थिएटर होतं आणि थिएटरच्या पाठीला एक लांबट खोली. आत नाणं टाकून खेळायची मशीनं. तिचा मोठा भाऊ, दादा, शाळेतून येताना तिथे शिरायचा. ती बरोबर असायची, पण दाराशी मालक बसलेला. "पोरींचं इथे काम नाही," म्हणायचा. मग ही दादाचं दप्तर पोटाशी धरून बाहेर उभी. दार उघडलं की आतला निळा-हिरवा उजेड पायांवर पडायचा, बंद झालं की संपला. दादा बाहेर आला की घरापर्यंत ती त्याला प्रश्न विचारून भंडावून सोडायची. काय झालं? मग? तो राक्षस मेला का? कसा मेला? आणि दादा सांगायचा.

"काय सांगायचा, चष्मेवाले!" ती म्हणाली. "हातवारे करून, रस्त्यात थांबून. घर येऊच नये असं वाटायचं. मी एकही खेळ खेळले नाही, पण सगळे मला पाठ."

पुढे दादा कॉलेजात गेला, वीज कंपनीच्या कचेरीत साहेब झाला. हिचं लग्न झालं, ते टिकलं नाही, आणि एक शिलाई मशीन तेवढं घेऊन ती माहेरी परत आली. आईवडील तोवर गेले होते. घर दादाच्या नावावर. दादाने रस्त्याकडची खोली तिला दुकानाला दिली, मागची बारकी खोली राहायला. दिली ती प्रेमाने दिली, हे तीही कबूल करते. तो बोलून कधी दाखवत नसे. पण घरात पाहुणा आला की वहिनी ओळख करून द्यायची, "ह्या आमच्याकडेच असतात," आणि त्या 'च'वर तिच्या हातातली सुई थांबायची.

तर अशी इतकी वर्षं टाके घातल्यावर एक दिवस तिच्या मनात आलं, आता मला दारात कोण अडवणार आहे? उठली, बाजारात गेली आणि खेळाचं मशीन घेऊन आली.

"पण फळ्यावर कशाला?" मी विचारलं.

"मग सांगू कुणाला? खेळून झालं की पोटात मावत नाही. दादाला सांगायला गेले, तो पेपरातून डोकं वर काढीना. वहिनी म्हणाली, डोळे जातील. फळा बिचारा मोकळाच होता."

त्यानंतर फळा वरचेवर बदलू लागला. खेळांची नावं ती स्वतःच ठेवायची, कारण खरी नावं, तिच्या मते, ठेवणाऱ्यालाही समजलेली नसत. शेतीचा एक खेळ होता, त्याबद्दल लिहिलं: 'या गावात सगळे गोड बोलतात. कुणी कुणाचं वाईट चिंतत नाही. मला रात्रभर संशय येत होता. भोपळे मात्र छान आले.' एकदा तलवार घेतलेल्या एका बाईचा खेळ आला. 'बर्फात उभी आहे आणि अंगावर दोन बोटं कापड. वर त्याला चिलखत म्हणतात. हिचा शिंपी मला भेटला पाहिजे. खेळ तसा बरा आहे, पण मला सारखी तिला कोट द्यावासा वाटतो, लक्ष लागत नाही.' आणि वळणाच्या रस्त्यावर गाड्या पळवायच्या एका खेळाबद्दल फक्त एवढंच: 'कुठे जायचं असतं ते शेवटपर्यंत सांगत नाहीत.'

रस्त्यावरची माणसं वाचायला थांबू लागली. काही हसून पुढे जायची, काही आत डोकावून म्हणायची, "ताई, हे चूक आहे." यात पुढे असायचा कोपऱ्यावरचा बेकरीवाला. त्याने जन्मात गेम खेळलेला नव्हता. पण पाव पोचवून परत येताना सायकल उभी करून तो फळा वाचायचा आणि भांडायला तयार.

ज्या दिवशी घर आवरण्याच्या खेळाबद्दल तिने लिहिलं, तो दिवस मला आठवतो. 'एक बाई मेलेली असते. तिचं घर आपण आवरायचं. काय ठेवायचं, काय टाकायचं ते ठरवायचं. मी सगळं ठेवलं. खेळ म्हणाला, जागा नाही. मी म्हटलं, मग तूच बाजूला हो. खेळ अडून बसलाय. मीही बसलेय.'

"अहो, टाकल्याशिवाय पुढे कसं जाणार?" बेकरीवाला म्हणाला. "नियमच तसा असेल."

"असेल. नियम करणाऱ्याला विचारलं होतं का, त्या बाईची हेअरपिन का टाकायची म्हणून? चांगली आहे ती."

"पण मग खेळ संपणार नाही!"

"नाही संपला तर काय, सरकार दंड करणार आहे?"

"ताई, तुम्ही खेळता का खेळाशी भांडता?"

"तुम्ही पाव खाता का नुसते भाजता?"

अशी त्यांची जुंपायची, आणि मधल्या मध्ये एखादं गिऱ्हाईक पँट हातात धरून ताटकळत उभं.

मला वाटायचं, एवढ्या अधिकाराने लिहिते म्हणजे खेळण्यात वस्ताद असणार. एका रविवारी दुपारी तिचा नवा चष्मा द्यायला मागच्या खोलीत गेलो, तेव्हा खरा प्रकार पाहिला. खोली एवढीशी. कपाटावर टीव्ही, खाली कपड्यांची गाठोडी, मध्ये कामाचं स्टूल आणि त्यावर ती, कंट्रोलर छातीशी धरून. तोंडात टाचण्या नव्हत्या. पडद्यावर एक पोरगी डोंगर चढत होती. चढली, हात सुटला, खाली पडली. पुन्हा चढली, त्याच दगडावरून पुन्हा पडली. टाचणीताई तिच्याबरोबर खांदे उचलत होती, मान वाकडी करत होती, जिथे उडी मारायची तिथे स्वतः स्टुलावरून अर्धी उठत होती. आणि उडी चुकायचीच.

"कितव्यांदा?" मी विचारलं.

"मोजायचं नाही. मोजायला लागलं की कमरेतला जोर जातो."

"तुम्हाला फारसं जमत नाही म्हणायचं."

"अजिबात जमत नाही," ती पडद्यावरची नजर न काढता म्हणाली. "म्हणून काय झालं? गाणं न येणाऱ्याने ऐकू नये का? थांबा, बोलू नका… गेली! मेली! तुमच्यामुळे."

मी तिथे चांगला तासभर बसलो असेन. ती पोरगी काही वर पोचली नाही. पण एकदा, एका कडेला बोटं अडकवून ती लोंबकळत राहिली आणि मागे ढग फाकून खालची सगळी दरी उन्हात आली. टाचणीताईने हात थांबवला. पुढे जायचं सोडून बघत बसली. "हे असं काही ते वाटेत ठेवतात," ती हळूच म्हणाली, "आणि मग सगळं माफ करावं लागतं." डोळ्यांत पाणी आलं होतं. ते तिने मी दिलेल्या नव्या चष्म्यावर ढकललं. नंबर चुकला म्हणे.

आमच्या रस्त्याच्या टोकाला शाळा आहे. सत्र सुरू व्हायच्या आधी शाळेचे गणवेश आखूड-लांब करायला टाचणीताईकडे रीघ लागायची, वर्षाची निम्मी कमाई त्यातच. मुलं येता-जाता फळा वाचू लागली आणि घोळक्याने उभी राहून उशिरा पोचू लागली. एक-दोन आयांनी कुरकुर केली. मग एके दिवशी शाळेच्या मुख्याध्यापिका स्वतः आल्या. त्यांना रस्त्यावर सगळे मोठ्या बाई म्हणायचे. ताठ, शांत, कुणाला न ओरडता गप्प करणाऱ्या. मी तेव्हा टाचणीताईकडे कोटाचं बटण लावून घ्यायला बसलो होतो. उठायला लागलो तर बाई म्हणाल्या, "बसा. गुपित काही नाही."

त्यांनी पर्समधून एक कागद काढला. "आमच्या एका मुलाचा निबंध. विषय, माझा आवडता ऋतू. ऐका. 'हिवाळ्याची सुरुवात चांगली आहे. मधला भाग उगाच लांबवला आहे. चित्रं छान, पण रंग कमी. शेवटी पानं येतात ते मला आवडलं. पुन्हा नक्की घेईन.'"

टाचणीताई खळखळून हसली. "छान लिहिलंय की! किती गुण दिले?"

मोठ्या बाईही क्षणभर हसल्या, मग हसू मिटवून म्हणाल्या, "ताई, फळा काढा."

"का? मी एखादा खेळ वाईट असला तर वाईट म्हणून लिहिते."

"वाईट म्हणता की चांगलं म्हणता, हा मुद्दाच नाही. तुम्ही त्याच्याबद्दल इतक्या मनापासून लिहिता, हा मुद्दा आहे. मुलांना वाटतं, ही विचार करायची गोष्ट आहे."

"आहेच. मी नाटकाबद्दल लिहिलं असतं तर तुम्ही आला असता?"

बाईंनी कागदाची घडी घातली. माझ्याकडे एकदा पाहिलं. मला उठून जावंसं वाटलं, पण बटण अर्धं लागलेलं आणि कोट तिच्या हातात.

"माझा मुलगा," बाई म्हणाल्या, "कॉलेजात जायचा. आता जात नाही. खोलीचं दार लावून खेळत असतो. ताट मी दाराशी ठेवते. कधी उचलतो, कधी तसंच असतं. सकाळी शाळेत दुसऱ्यांच्या मुलांना शिस्त शिकवायला येते आणि वाटेत तुमचा फळा दिसतो. त्यावर लिहिलेलं असतं, ढग फाकले आणि दरी उन्हात आली."

सुई थांबली होती. टाचणीताईचा आवाज एकदम खाली आला. "कुठला खेळ खेळतो तो?"

"मला काय माहीत? सगळे सारखेच."

"सारखे नसतात, बाई."

"दाराच्या बाहेरून सारखेच दिसतात."

टाचणीताईने बटणाच्या दोऱ्याला गाठ मारली, दोरा दातांनी तोडला, आणि मग म्हणाली, "तुमचं दुःख खरं आहे. खोटं कोण म्हणेल? त्याच्यासाठी काही करता आलं तर सांगा, मी येईन, दाराशी बसेन, बोलेन. पण फळा पुसून ते दार उघडणार नाही. आणि मी पुसणारही नाही."

"मग मला माझं काम करावं लागेल," बाई म्हणाल्या. रागाने नाही, दमून.

"करा. मी माझं करते."

बाईंनी खरंच काम केलं. पालकांना सूचना गेली की गणवेश दुसरीकडून दुरुस्त करून घ्यावेत. आणि शाळेच्या समितीवर दादा होता. समितीच्या बैठकीत त्याच्यासमोरच विषय निघाला. कुणीतरी हसत म्हणालं, "तुमच्या ताई गेममध्ये कितव्या पायरीवर आहेत?" सगळे हसले. दादा तिथून तडक निघाला तो घरी न जाता दुकानासमोर आला. दुपारची वेळ होती, रस्ता भरलेला. मी काचेतून पाहिलं. त्याने तिच्या इस्त्रीच्या टेबलावरचं ओलं फडकं उचललं आणि फळा पुसायला लागला. त्या दिवशी फळ्यावर दिव्याने वाट काढत जायच्या एका खेळाचं लिहिलेलं होतं. पुसल्यावर पांढरा चिखल झाला.

टाचणीताई बाहेर आली. मीही बाहेर आलो. बेकरीवाला सायकल धरून आधीच उभा होता.

"दादा, फडकं दे."

"लाज आणलीस," दादा म्हणाला. "या वयात! पोरांसारखे खेळ खेळायचे, आणि ते चव्हाट्यावर मांडायचं! घरात बसून खेळ, कोण बघायला येतंय? पण हे नाही. हे माझ्या भिंतीवर नाही."

"खेळले तर चालेल, बोलले तर नाही?"

"शहाण्याला शब्दाचा मार असतो. आणखी काय सांगू?"

"तू सांगायचास ना," ती म्हणाली. "थिएटरच्या मागून घरी येताना. रस्त्याच्या मधोमध उभा राहून सांगायचास, राक्षस कसा पडला ते. येणारी-जाणारी माणसं बघायची. तेव्हा नाही लाज वाटली."

"तेव्हा मी लहान होतो!"

"आणि मी बाहेर होते."

फडक्यातून पाणी गळत होतं. तिने खिशातून खडू काढला आणि ओल्या फळ्यावर लिहायला लागली. ओल्यावर खडू उमटेना, तरी ती दाबून दाबून लिहीत राहिली. तेव्हा दादाने ते वाक्य उच्चारलं, जे इतकी वर्षं त्याने तोंडातून काढलं नव्हतं.

"घर माझं आहे. फळा राहील किंवा दुकान राहील."

दादाला बोलल्या बोलल्या कळलं असावं, कारण तो लगेच म्हणाला, "म्हणजे, मी आपलं…"

"नाही, बरोबर आहे," टाचणीताई म्हणाली. "कधीतरी बोलायचंच होतं. मला बरं वाटलं." आणि आत जाऊन तिने फळ्याचे खिळे काढायला हातोडी आणली.

आधी फळा उतरवला, मग मशीन. आम्ही सगळ्यांनी तिला समजावून पाहिलं. मी म्हटलं, "ताई, पाण्यात राहून माशाशी वैर करू नये." ती म्हणाली, "मग पाण्यातूनच बाहेर येते." वहिनी दारात रडत उभी होती. तिला खरंच वाईट वाटत होतं, पण 'राहा' हा शब्द तिच्याही तोंडून निघेना. दादा आत जाऊन बसला होता.

जागा दिली बेकरीवाल्याने. त्याच्या भट्टीला लागून एक खोली होती, पूर्वी मैद्याची पोती ठेवायचा ती. दार मागच्या गल्लीत उघडायचं. "उन्हाळ्यात भाजून निघाल," तो म्हणाला. "आणि तुमचं ते खेळाचं लिहिणं मला निम्मं पटत नाही, हे आधीच सांगून ठेवतो."

"निम्मं पटतं? कुठलं निम्मं?" तिने तिथल्या तिथे वाद काढला. मी आणि तो शिलाई मशीन उचलून कोपऱ्यापर्यंत चालत होतो, आणि ती मागून एका काखेत फळा, दुसऱ्या काखेत खेळाचं मशीन घेऊन त्याच्याशी भांडत येत होती. रस्त्यावरची माणसं दुकानांतून बघत होती. तिने मान खाली घातली नाही.

पहिले दिवस वाईट गेले. मागच्या गल्लीत कोण येतंय? नवं सत्र सुरू झालं, गणवेशाचं एकही काम आलं नाही. भट्टीच्या उष्णतेने तिच्या अंगावर घामोळं उठलं आणि कापडांना पावाचा वास लागू लागला. मी एकदा हळूच सुचवलं की बाईंना जाऊन भेटा, फळा आता गल्लीत आहे, मुलांना दिसतही नाही, सूचना मागे घेतील.

"दिसत नाही हे मला माहीत आहे," ती म्हणाली. "म्हणून मोठ्या अक्षरात लिहितेय."

बाईंना मात्र ती भेटली, वेगळ्या कारणाने. एका संध्याकाळी त्यांच्या घरी गेली आणि मुलाच्या खोलीबाहेर खुर्ची टाकून बसली. दाराला तोंड लावून म्हणाली, "मी टाचणी. डोंगरावर तिसऱ्या कड्याला अडकलेय. तू पोचलायस का?" आतून काही आलं नाही. ती बराच वेळ बसली, आपल्या चुका सांगत. निघताना आतून एकच वाक्य आलं, "तो कडा डावीकडून घ्यायचा." बाईंनी ते ऐकलं. दार उघडलं नाही त्या दिवशी, नंतरही लगेच नाही. सूचनाही मागे घेतली गेली नाही. बाई म्हणाल्या, "तुमचे उपकार वेगळे, शाळा वेगळी." टाचणीताईला हे पटलं. ती आता अधूनमधून जाते, दाराशी बसते. कधी आतून उत्तर येतं, कधी नाही. बाई तिला चहा देतात आणि फळ्याबद्दल दोघी एक अक्षर बोलत नाहीत.

गिऱ्हाइकं परतली, सगळी नाही. टीप घट्ट होती म्हणून काही आली. काही फळा वाचायला म्हणून वाट वाकडी करू लागली आणि येताना एखादी पँट घेऊन येऊ लागली. गणवेशांची तूट काही भरून निघाली नाही. तिने टीव्ही छोटा घेतला, चहा कमी केला आणि एकदा खेळून झालेले खेळ देऊन दुसरे आणायला लागली. "नवं असलंच पाहिजे असं नाही," ती म्हणते. "मी सगळ्यालाच उशिरा पोचलेय."

दादा पहिल्यांदा आला तेव्हा मी तिथेच होतो. हातात पँटची पिशवी होती. ती तिने घेतली, माप घेतलं, आणि शेजारच्या गिऱ्हाइकाला सांगितला तोच दर त्याला सांगितला. त्याने खाली बसून गळ्याचा घाम पुसला.

"काय उकडतंय इथे," तो म्हणाला.

"भट्टी आहे."

"घरी चल. खोली तशीच आहे. वहिनीने झाडून ठेवलीय."

"फळा घेऊन येईन."

"फळा नको."

"मग मीही नको."

दादाने चहा घेतला, पेला खाली ठेवला आणि गेला. पँट घ्यायला आला तेव्हा पुन्हा तेच. घरी चल. फळा घेऊन येईन. फळा नको. मग मीही नको. आता त्याच्या पँटी वारंवार उसवतात, कशा ते मला विचारू नका. तो येतो, बसतो, तेच चार शब्द होतात. दोघांपैकी कुणीही मागे हटलेलं नाही, आणि मला वाटतं हटणारही नाही.

परवा गेलो तर दादा बाहेर फळ्यासमोर उभा होता. एका जुन्या बोटीतून धुक्यात माणसं पोचवायच्या खेळाबद्दल तिने लिहिलं होतं, आणि तिला तो अजिबात आवडला नव्हता. दादा पूर्ण वाचून आत गेला. मला वाटलं, आता काहीतरी बोलेल.

"घरी चल," तो म्हणाला.

"फळा घेऊन येईन," आतून मशीनच्या आवाजावर तिचा आवाज आला, आणि मशीन थांबलं नाही.